कोपीला दार

शनिवार, रात्री उशिरा

आज सकाळची शाळा होती. शेवटचा तास चौथीच्या बालसभेला दिला.

मागच्या आठवड्यात ‘मी पंतप्रधान झालो तर’ हा निबंध घातला होता. बावीस वह्या तपासल्या, बावीसही सारख्याच. सगळी वाक्यं गाईडातली. मुलांना कशाला बोल लावू? विषयच मी त्यांच्यापासून कोसभर लांबचा दिला होता.

म्हणून आज फळ्यावर एवढंच लिहिलं: काय बदललं तर तुला बरं वाटेल? घरातलं, गावातलं, शाळेतलं, काहीही. शुद्धलेखन बघणार नाही, हे दोनदा सांगितलं. तरी बराच वेळ कुणी पेन्सिल टेकवेना. जो तो शेजारच्या वहीत डोकावत होता. मग मागून एक जण म्हणाला, “मॅडम, हापशाचा दांडा लई वर जातोय, बारक्यांचा हात पुरत नाही.” मी ते जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं. ‘लई’ फळ्यावर बघून वर्ग हसला आणि मग हात वर यायला लागले.

या वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांचे आईबाप ऊसतोडीला जातात. दसरा-दिवाळी झाली की टोळ्या कारखान्याकडे निघतात, त्या थेट उन्हाळ्यातच परततात. हंगामी वसतिगृहामुळे काही मुलं गावात राहतात. पण घरात तान्हं असलं की थोरल्या बहिणीला सोबत नेतातच. एका मुलानं लिहिलं, ‘शाळेनं आमच्यासंगं ट्रॅक्टरात बसून यावं.’ किती सरळ मागणी आहे ही! कारखान्यापाशी भरणाऱ्या साखरशाळांचा विचार मोठ्या माणसांनी याच वाटेनं केला होता.

आणि एका मुलीनं एकच ओळ लिहिली: ‘कोपीला दार पायजे.’ कोपी म्हणजे ऊसतोडीच्या ठिकाणी उभारलेली तात्पुरती झोपडी.

तिला जवळ बोलावून विचारलं. म्हणाली, “आई पहाटंच फडात जाती. मी आन् बाळच ऱ्हातो. कुत्रे आत येतेत.” मी पुढं काही विचारू शकले नाही.

घरी आल्यावर मुक्ता साळवे पुन्हा वाचली. पुण्यात फुल्यांच्या शाळेत शिकणारी चौदा वर्षांची मुलगी. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिनं लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा घरावर छप्परसुद्धा नसतं, थंडी-पाऊस-वाऱ्यानं त्यांचे काय हाल होत असतील, असं तिनं त्यात विचारलंय. तिला कुणी मोठ्या पदावर बसवून विचारलं नव्हतं. तिनं आपल्या वस्तीतलं सांगितलं. पण ती शिकत होती, आणि तिचं लिहिणं छापावं असं कुणाला तरी वाटलं. सोमवारी तो उतारा वर्गात वाचणार आहे. चौथीला ती भाषा जड जाईल, पण छपराचं त्यांना समजावून सांगावं लागणार नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातलं बारावं कलम सांगतं की मुलाशी संबंधित गोष्टीत त्याचं मत ऐकलं जावं. भारतानंही १९९२ मध्ये तो करार स्वीकारला. प्रशिक्षणात मी हे कलम अनेकदा ऐकलंय. आज पहिल्यांदा वाटलं, की ते मत घेऊन आपण कुठं जातो? भिंतीवर तक्ता लावून थांबतो. मुलांना ते कळतं, आणि पुढच्या वेळी ती गाईड उघडतात.

म्हणून दुपारी सरपंचांना फोन केला. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत सुरुवातीची पंधरा मिनिटं चौथीला द्या म्हटलं. दहा देतो म्हणाले. हापशाचा दांडा तर पंचायतीच्याच हातात आहे. दाराचं मात्र ऊसतोडीच्या टोळ्या नेणाऱ्या मुकादमांपुढं बोलावं लागेल. ग्रामसभेला ते येतात, त्यांनीही ऐकावं. मी वाचणार नाही, ज्यानं लिहिलंय त्यानंच वाचायचं.

शाळा सुटताना त्या मुलीला म्हटलं होतं, तुझी ओळ गावापुढं वाचशील का? तिनं आधी दप्तराचा बंद चाचपला, मग विचारलं, “तवर आम्ही गावातच असू ना मॅडम?”

दोघींनी मिळून कॅलेंडर पाहिलं. त्यांची गाडी दिवाळीनंतर आहे.