दहावीचा तो जादा तास

नववीच्या सहामाहीची मराठीची उत्तरपत्रिका मी अजून जपून ठेवली आहे. एकाच पानावर माझ्या मुलाने 'प्रयत्न' हा शब्द तीन वेळा लिहिलाय आणि तिन्ही वेळा वेगळा: 'परयत्न', 'प्रत्यन', 'पयत्र'. निबंधाच्या पानावर नुसतं शीर्षक, आणि त्याखाली बाईंनी लाल पेनने ओढलेली आडवी रेघ. तेच धडे मी पोळ्या लाटताना त्याच्याकडून तोंडी करून घेतले होते. एक प्रश्न चुकला नव्हता.

सातवी त्याची मोबाइलवरच झाली. आठवीचा बराचसा काळही तसाच गेला. 'लॉकडाऊनमुळे मुलं मागे पडलीत, येईल हळूहळू' असं शाळा म्हणायची, आम्हीही म्हणायचो. आठवीपर्यंत कुणाला नापास करत नव्हते, त्यामुळे गाडी ढकलली गेली. मी त्याला आळशी म्हटलं. दोनदा हातही उचलला. हे लिहिताना आजही आवंढा येतो, पण लिहायला हवं, कारण माझ्यासारख्या आया पुष्कळ आहेत.

खरी गोष्ट कळली ती योगायोगाने. गटसाधन केंद्रातल्या, म्हणजे शिक्षण विभागाच्या तालुक्याच्या केंद्रातल्या, विशेष शिक्षिका दुसऱ्या एका मुलीसाठी शाळेत आल्या होत्या. पालकसभा संपल्यावर मी धीर करून वही त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी मुलाला बोलावलं आणि म्हणाल्या, "त्रेसष्ट लिही बघू." त्याने ३६ लिहिले. "आता चौऱ्याण्णव." ४९. मग मला म्हणाल्या, "ताई, आपण 'त्रे' आधी म्हणतो, 'सष्ट' नंतर. हा ऐकलं तसंच लिहितोय. हा आळशीपणा नाही. तपासून घ्या." २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात त्रेसष्टसाठी 'साठ तीन' असं वाचन आलं, तेव्हा आमच्या पतसंस्थेत आम्ही सगळे हसलो होतो. त्या दिवशी मला त्या हसण्याची लाज वाटली.

अध्ययन अक्षमता हा शब्द मी तिथे पहिल्यांदा ऐकला. म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणित यांत अडचण येणं. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात ज्या २१ प्रकारच्या दिव्यांगता आहेत, त्यात ही एक आहे. घरी हे सांगितल्यावर मुलाचे बाबा ताटावरून उठले. "हातीपायी धड पोरगा आणि त्याला दिव्यांगाचा दाखला?" सासूबाई मात्र शांतपणे म्हणाल्या, "तुझी दहावी तीनदा झाली, ती का झाली ते आठव. तुझे वडीलही सही सोडून काही लिहायचे नाहीत." बराच वेळ कुणी बोललं नाही. मुलाचे बाबा वर्तमानपत्र कधीच वाचत नाहीत, बातम्या टीव्हीवर बघतात, हे मी सतरा वर्षं पाहत होते आणि त्याचा अर्थ मला कधी लागला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली.

शाळेत गेलो तर मुख्याध्यापक सर म्हणाले, "आपला निकाल शंभर टक्के लागतो. तुम्ही त्याला बाहेरून बसवा, सतरा नंबरचा फॉर्म भरा." बोलण्यात कडवटपणा नव्हता, आमच्या भल्याचंच सांगतोय अशा सुरात ते बोलले. म्हणूनच जास्त लागलं. ज्या मुलाला शाळेची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच शाळेबाहेर काढायचं हे मला पटणं शक्य नव्हतं.

मी पतसंस्थेत रोज आवक-जावक बघते. तोंडी बोलण्याला किंमत नसते हे मला तिथे कळलंय. मी साध्या कागदावर अर्ज लिहिला: मुलाला अध्ययन अक्षमता असल्याची शक्यता विशेष शिक्षिकेने सांगितली आहे, तपासणीसाठी शाळेचं पत्र आणि विषय शिक्षकांचे अभिप्राय मिळावेत. खाली कायद्याचा उल्लेख केला. कलम १६ प्रमाणे अशी अक्षमता लवकरात लवकर ओळखून उपाय करणं हे शिक्षणसंस्थेचं काम आहे, आणि कलम १७ मध्ये जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट हे स्पष्ट लिहिलंय. क्लार्क पोच द्यायला तयार नव्हते. मी टेबलासमोर बसून राहिले. शेवटी दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक मिळाला. चौथ्या दिवशी पत्रही मिळालं.

तपासणी अधिकृत सरकारी केंद्रातच करावी लागते. खासगी अहवाल बोर्डाच्या सवलतीला चालत नाही. आम्हाला पाच हेलपाटे पडले, पाच महिने गेले. आधी डोळे आणि कान तपासतात, म्हणजे तिथला दोष नाही याची खात्री होते. मग बुद्ध्यांकाची चाचणी, मग वाचन-लेखन-गणिताची शैक्षणिक चाचणी, शेवटी डॉक्टर सगळं एकत्र बघतात. जाताना मागच्या तीन-चार वर्षांच्या प्रगतिपुस्तकांच्या प्रती आणि मूळ वह्या न्या. फेअर करून घेतलेल्या नव्हे, खऱ्या. माझी ती सहामाहीची उत्तरपत्रिका डॉक्टरांनी सगळ्यात जास्त वेळ पाहिली.

एका फेरीला त्याच्यापुढे वाचायला इंग्रजी उतारा ठेवला. पहिलीपासून मराठी माध्यमात शिकलेला मुलगा, तो इंग्रजीत अडखळणारच, त्यातून काय कळणार? मी हात जोडून मराठी उतारा मागितला. कुरबुर झाली, पण मिळाला. तुमचं मूल प्राथमिक वर्गात असेल तर मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने वाचनातली अशी अडचण ओळखण्यासाठी तयार केलेल्या 'डाली' चाचण्या मराठीतही आहेत, त्याबद्दल जरूर विचारा. आम्हाला फार उशीर झाला होता.

अहवाल मिळाला त्या दिवशी एसटीत त्याने तो माझ्याकडून पूर्ण वाचून घेतला. बुद्धिमत्ता सरासरीपेक्षा वर आहे, हे वाक्य त्याने तीनदा वाचायला लावलं. मग कागद स्वतःच्या हातात घेऊन त्या ओळीवर बोट ठेवलं आणि घर येईपर्यंत ते तसंच ठेवलं.

घरी आल्यावर दिसलं की दाखल्यावर आडनावाचं स्पेलिंग चुकलंय. त्यासाठी पुन्हा एक फेरी. खिडकी सोडण्यापूर्वी नाव, जन्मतारीख आणि आधारचा तपशील एकेक अक्षर तपासा.

महाराष्ट्रात अशा मुलांना सवलती १९९६पासून आहेत. तेव्हा आपलं राज्य देशात यात पुढे होतं. तरी आमच्या शाळेत आजवर एकाही मुलासाठी प्रस्ताव गेला नव्हता. सरांपुढे दाखला आणि सवलतींचा शासन निर्णय ठेवला तेव्हा त्यांनी चष्मा काढून दोन्ही नीट वाचले आणि म्हणाले, "बाई, आम्हाला हे कुणी सांगितलंच नाही." मला ते खरं वाटलं. त्यानंतर विभागीय मंडळाकडे प्रस्ताव पाठवायला त्यांनी एक दिवसही लावला नाही. मात्र हे सगळं दहावीचा परीक्षेचा फॉर्म भरण्याआधी व्हायला हवं, म्हणून नववीतच सुरुवात करा.

कुठल्या सवलती घ्यायच्या हे ठरवणं सगळ्यात अवघड गेलं. दर तासाला २० मिनिटं जादा, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, हे घ्यायचंच होतं. प्रश्न गणिताचा होता. गणिताऐवजी सातवीचं अंकगणित आणि जोडीला कार्यानुभवाचा विषय घेता येतो. सगळे म्हणाले, घ्या, सुटाल. पण गणित सोडलं की पुढच्या काही वाटाही बंद होतात, हे कुणी बोलत नव्हतं. हा मुलगा गल्लीतले मिक्सर आणि पंखे उघडून दुरुस्त करतो. त्याला आयटीआयला जायचंय. आम्ही निर्णय त्याच्यावर सोडला. "गणित ठेवतो, कॅल्क्युलेटर मागा," म्हणाला. प्रत्येक मुलाने असंच करावं असं मी म्हणणार नाही. ज्याला आकडे बघूनच घाम फुटतो त्याने खुशाल अंकगणित घ्यावं. फक्त निर्णय घेताना मुलाला समोर बसवा.

लेखनिक खालच्या वर्गातला लागतो. शेजारची नववीतली मुलगी तयार झाली. तिच्या आईला काळजी होती की मार्चमध्ये हिचा अभ्यास बुडेल. मी तिला म्हटलं, रोज संध्याकाळी माझ्याकडे पाठवा, दोघांचं जेवण मी करते. डिसेंबरपासून दोघांचा सराव सुरू केला. पहिले काही दिवस वाया गेले, कारण मुलगा भराभर बोलायचा आणि ती मध्येच त्याचं वाक्य सुधारायची. ते चालत नाही. तो जे सांगेल तेच उतरवायचं. त्यालाही शिकावं लागलं: "नवीन परिच्छेद", "इथे पूर्णविराम", "आकृतीसाठी अर्धं पान सोड". वर्गातल्या बाईंनी स्वतःहून दर शनिवारी थांबून दोघांकडून जुने पेपर सोडवून घेतले. त्याच बाई, ज्यांनी लाल रेघ मारली होती.

मार्च २०२४. पहिलाच पेपर मराठीचा, अकराला सुरू. लेखनिकाचं परवानगीपत्र केंद्रावर सापडेना. माझ्या पिशवीत त्याच्या तीन प्रती होत्या, त्यातली एक चालली. दोघांना तळमजल्यावरच्या वेगळ्या खोलीत बसवलं.

दोन वाजून दहा मिनिटांनी घंटा झाली. मुलं बाहेर आली, पालकांच्या गाड्या गेल्या, रसवाल्यानेही गाडा हलवला. दहा मिनिटांत गेटवर आम्ही दोघंच उरलो. शिपाई दोनदा येऊन विचारून गेला, "तुमचा अजून आला नाही?" ह्यांनी त्याला सांगितलं, "त्याला तीन वाजून दहा मिनिटांपर्यंत वेळ आहे." त्या वाक्यात कसलीही लपवाछपवी नव्हती. दीड वर्षापूर्वी ताटावरून उठलेला माणूस हे भर रस्त्यात मोठ्याने सांगत होता.

तीन वाजून पंधरा मिनिटांनी दोघं आले. मुलगी उजव्या हाताची बोटं दाबत होती. तो माझ्यापर्यंत धावतच आला.

"आई, निबंध पूर्ण झाला. दोन पानं."