आठव्या ओळीला टाळ्या

रविवार, रात्री उशिरा

आज मैफलीत माझं सुनीत वाचलं, चौदा ओळींची कविता. आठव्या ओळीलाच टाळ्या पडल्या. सहा ओळी अजून हातात होत्या. त्याही वाचल्या, पण तोवर मागे खुर्च्या सरकायला लागल्या होत्या. अण्णांनी मान हलवली ती कशाला, कोण जाणे.

सुनीताची सगळी मदार वळणावर. आठ ओळींत मांडायचं आणि नवव्या ओळीला मान वळवायची. ती वळायच्या आतच लोक मोकळे होणार असतील, तर हा खटाटोप कुणासाठी? शार्दूलविक्रीडित वृत्तात ओळीला १९ अक्षरं. चौदा ओळींची २६६, प्रत्येकाचं लघुगुरू तोलून. जाऊ दे.

जात नाहीये. आठवी ओळ मघापासून मोठ्यानं म्हणतेय. बाराव्या अक्षरावर यती, म्हणजे थांबा, मग सात अक्षरांचं शेपूट: गा गा ल गा गा ल गा ('गा' गुरू, 'ल' लघु). मी नेमकं तिथेच क्रियापद संपवलं, यमकही तिथेच मिटलं, अर्थही. तिन्ही कड्या एकदम लागल्यावर दार बंद झालं असंच कुणालाही वाटेल. वाक्य अर्धं ठेवून नवव्या ओळीत ओतायला हवं होतं.

आणि नववीची सुरुवात तरी कशानं करायची? 'पण' बसत नाही. दोन्ही लघु, आणि शार्दूलाला आरंभी तीन गुरू लागतात. 'परी'चा प लघु, तेही गेलं. उरतं 'आता', 'तेव्हा', 'नाही'. मी 'आता' घेतलं. 'आता'नं काही उलटत नाही, नुसती वेळ सांगितली जाते. पृथ्वी वृत्तात 'परी' अगदी चपखल बसलं असतं, पण आज 'परी' कोण लिहितं? मोरोपंतांची केकावली पृथ्वीत आहे, तिथे ते शोभतं.

केशवसुतांनी १८९२ मध्ये पहिलं 'चतुर्दशक', म्हणजे सुनीतच, लिहिलं तेव्हा मराठी कानाला त्या वळणाची सवय नव्हती. पण ते छापील पानावर आलं. वाचणाऱ्याला खाली आणखी सहा ओळी दिसतात. ऐकणाऱ्याला कोण दाखवणार? विंदा करंदीकरांनी मुक्त सुनीतात वृत्त सोडलं, चौदा ओळी ठेवल्या. मोजायला डोळे लागतात हे त्यांना ठाऊक असणार.

गझलेला ही अडचण नाही. दोन ओळींत शेर मिटतो, रदीफ, शेराच्या शेवटी परतणारा शब्द, आला की दाद कुठे द्यायची ते समोरच्याला आपोआप कळतं. माधव जूलियनांच्या 'गज्जलांजलि'त (१९३३) गझल बरीचशी भावगीतासारखी सलग वाहते. शेर सुटा उभा राहिला पाहिजे हा हट्ट पुढे सुरेश भटांनी धरला, आणि मैफलीनं तो मान्य केला. सुनीताला मैफल चौदा ओळी थांबायला तयार नाही. मला याचा राग येतो, मघाशी जास्त येत होता.

कारण आता त्या सहा ओळी झाकून वाचल्या. काही अडत नाही. टाळ्या वाजवणाऱ्यांनी अज्ञानातून वाजवल्या असतील, पण कात्री बरोबर जागी लागलीय. नववी ते चौदावीत भरतीचे दोन 'गे', एक 'बा' आणि यतीवर मधोमध चिरलेला एक सामासिक शब्द, एवढाच माल होता.

उरलेल्या आठ ओळींना नाव शोधायची गरज नाही. अष्टक. त्यातलं करुण तेवढं आज आयतंच मिळालं.