पन्हाळ्याच्या उतारावर तापलेला फ्रिज

गेल्या मे महिन्यात भर दुपारी कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या दुरुस्तीच्या शॉपसमोर एक उंच पांढरी गाडी येऊन थांबली. आत दोन माणसांचा संसार होता. गादी, ओटा, बेसिन आणि छोटा फ्रिज. पुण्याचे निवृत्त काका-काकू पन्हाळ्यावर तीन रात्री राहून आंबोलीमार्गे गोव्याला निघाले होते. काकूंच्या हातात स्टीलचा डबा आणि त्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेली इन्सुलिनची पेनं. ती आधी आमच्या घरच्या फ्रिजमध्ये पाठवली, मग बाकीचं बोलणं.

"गाडी चालू असताना बरा चालतो," काका सांगत होते, "मुक्कामाला गॅसवर लावला की दीड-दोन तासांत बंद. परवा वाटेत एका गॅरेजवाल्यानं काहीतरी केलं. तेव्हापासून बंद पडत नाही, पण गारही होत नाही. आणि रात्री जळका वास येतो."

हे शेवटचं वाक्य ऐकलं आणि मी आधी जाऊन सिलिंडर बंद केला.

बाहेरच्या अंगाची जाळी काढली. फ्रिजच्या बॉयलरच्या, म्हणजे आच लागते त्या भागाच्या, पत्र्यावर रुपयाएवढं कटआउट होतं, गिझरला असतं तसलंच, जादा तापलं की आच बंद करणारं, मधे बारीक बटण. त्याच्या दोन्ही वायरी उपटून एकमेकींना पिळ्या मारून जोडल्या होत्या. वरची काळी टेप वितळून चिकट झालेली. पत्रा उघडला तर आतली उष्णता अडवणारी लोकर करपून तपकिरी, बोट लावलं की भुगा.

मला मनापासून राग आला. कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उडतोय म्हणून कुणी तिथं खिळा ठोकत नाही. इथं नेमकं तेच केलं होतं, आणि फळीच्या पलीकडे दीड हातावर काका-काकूंची उशी होती.

हा फ्रिज आपल्या घरच्यासारखा नाही. यात कॉम्प्रेसर नाही, फिरणारा एकही भाग नाही. स्वीडनमधल्या प्लातेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ साली ही जात जन्माला घातली. बंद नळ्यांत अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन, तोही दाबाखाली. खाली उष्णता द्यायची, गॅसची ज्योत असो की विजेचा हीटर. बॉयलरमध्ये बुडबुडे उठतात आणि बारीक नळीतून द्रावण वर ढकलतात. वाफ झालेला अमोनिया वर जाऊन थंड होतो, पातळ होतो, आत हायड्रोजनमध्ये उडताना गारवा देतो, आणि पाण्यात विरघळून परत खाली येतो. ही परतीची वाट निव्वळ उतारावर चालते.

काकांना मी उसाच्या सरीचं उदाहरण दिलं. रानात पाणी पाजणाऱ्या गड्याला विचारा, सरीचा उतार बोटभर चुकला की पाणी मधेच तुंबतं. इथंही तसंच. गाडी उभी करताना तिरकी राहिली की द्रावण कोपऱ्यात साचतं, बॉयलर कोरडा पडत जातो, आणि खालची आच मात्र चालूच. गाडी रस्त्यावर असताना डुलत राहते, म्हणून द्रावण हलत राहतं. काकांचा फ्रिज प्रवासात चालायचा आणि मुक्कामाला रुसायचा, त्याचं कारण हेच. कोरड्या बॉयलरमध्ये नळ्या गंजू नयेत म्हणून घातलेलं रसायन घट्ट होऊन नळीत बसतं आणि ते परत सुटत नाही. पुढं नळी फुटली तर अमोनिया आणि हायड्रोजन बाहेर, शेजारी ज्योत.

मी नाक जवळ नेऊन सावकाश हुंगलं. अमोनियाचा वास बर्फाच्या कारखान्यात काम केल्यापासून माझ्या नाकात बसलाय. तो नव्हता. जोडांवर पिवळट भुकटी शोधली, तीही नव्हती. तेव्हा कुठं जीव खाली पडला.

नवी लोकर भरली, कटआउट पुन्हा जागेवर जोडलं आणि बॉयलरच्या नळीला तापमानाची वायर बांधली. गाडी मुद्दाम आमच्या बोळाच्या उतारावरच ठेवली आणि फ्रिज २३० व्होल्टवर लावला. फ्रीजरच्या तळाशी पाणसळ ठेवली तर बुडबुडा पार डाव्या टोकाला. आमच्या पोराला वही देऊन दर दहा मिनिटांचा आकडा लिहायला बसवलं. १४०, १७०, १९०, २१५. आकडा थांबायचं नाव घेईना, आणि वरची नळी मात्र अंगाला कोमटच. सव्वा तासानं कट्ट आवाज झाला आणि हीटर बंद.

"दादा, बिघडलं परत," पोरगा म्हणाला.

"बिघडलं न्हाई, वाचलं," मी म्हटलं.

बॉयलर निवल्यावर गाडी शॉपच्या सपाट फरशीवर घेतली, चाकाखाली फळी सारून बुडबुडा मधोमध आणला आणि बटण दाबलं. यावेळी आकडा १८० च्या आसपास जाऊन बसला तो तासभर हलला नाही. एक गोष्ट मात्र अजून खटकत होती, गारवा फार हळू धरत होता. छतावर चढलो तर वरच्या जाळीला आतून मच्छरदाणीचं दुहेरी कापड लावलेलं, धुळीनं गच्च. मागची गरम हवा जायला वाटच नाही, त्यात मे महिन्याचं ऊन. कापड काढून तिथं गाडीच्या बॅटरीवर चालणारा छोटा पंखा बसवला. रात्री अकराला आत ६ अंश दिसले आणि काकूंची पेनं परत त्यांच्या फ्रिजमध्ये गेली.

जाताना काकांना स्पष्ट सांगितलं, नळीच्या आत किती साचलंय ते बाहेरून दिसत नाही, त्यामुळं या युनिटची मी हमी देणार नाही. बटण उडालं तर आधी पाणसळ बघा. बॉयलर निवल्यावर एकदाच दाबा. परत उडालं तर गॅस बंद करून मला फोन करा. वायरीला हात लावू द्यायचा नाही, मेकॅनिक कितीही मोठा असू दे.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आंबोलीहून फोन आला.

"बटण उडालंय. कुणाला हात लावू दिला नाही. गाडीचं डावं चाक खड्ड्यात आहे, बुडबुडा एका बाजूला गेलाय. फळी सारू का?"

"सारा काका," मी म्हटलं, "पण आधी तासभर चहा घेत बसा. निवू दे त्याला."