झीनची पेटी, टप्पा दुसरा: नोंदी, परवानग्या आणि घडीचं टेबल

झीन म्हणजे कुणीही स्वतःच लिहून, चिकटवून, झेरॉक्स काढून वाटलेली छोटी पुस्तिका. पहिल्या टप्प्यात अशा झीन्सनी पेटी भरायची होती, ती भरली. आता पेटीतलं वाचकाच्या हातात कसं पडेल ते बघायचंय, आणि हे काम गोळा करण्यापेक्षा बरंच किचकट निघालंय. ज्या सार्वजनिक ग्रंथालयासाठी मी हा उद्योग हौसेने करतेय, तिथल्या ग्रंथपाल मॅडमनी सुरुवातीलाच बजावलं होतं, "शोभेची पेटी नको. येईल त्याची दाखल नोंदवहीत नोंद होणार, आणि नोंद झालेलं सभासदाला घरी नेता आलं पाहिजे." अट बिनतोड आहे. फक्त झीन करणाऱ्या कुणीही आजवर ग्रंथालयाच्या नोंदवहीचा विचार करून झीन केलेलं नाही, तिथे घोडं अडतं.

घरी न्यायला द्यायचं आणि तरी जपायचं, या पेचावर बर्नार्ड कॉलेजच्या ग्रंथालयाने फार पूर्वी तोडगा काढलाय. न्यूयॉर्कच्या या कॉलेजात जेना फ्रीडमन यांनी २००३ मध्ये झीनसंग्रह सुरू केला. शक्य तिथे दोन प्रती घ्यायच्या, एक कपाटात देवघेवीसाठी आणि दुसरी आम्लरहित वेष्टनात अभिलेखागारात, अशी तिथली पद्धत. आम्ही ती जशीच्या तशी उचलली. दुसरी प्रत नसेल तर करणाऱ्याला विचारून झेरॉक्स काढतो आणि वाचकाला ती देतो. पुस्तकाच्या बाबतीत हे चोरटं वाटलं असतं. झीन जन्मतःच झेरॉक्स असतं, त्यामुळे परवानगी मागितली की करणारा बहुतेक वेळा स्वतःच आणखी एक प्रत काढून देतो. रंगीत कागद, शिवण, कापून केलेल्या खिडक्या असं काही असेल तर मात्र नक्कल करण्यात अर्थ नाही. ती झीन्स 'इथेच बसून वाचा' या खोक्यात.

नोंदणीबद्दल सविस्तर लिहिते, कारण या टप्प्यातला सगळ्यात जास्त वेळ तिने खाल्ला आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त मजाही तिथेच आली.

पुस्तक नोंदवायला घेतलं की शीर्षकपृष्ठ असतं, त्याच्या मागे प्रकाशक, वर्ष, आवृत्ती, आयएसबीएन असतं. झीनमध्ये मुखपृष्ठावर एक नाव, आतल्या पानावर दुसरंच, लेखक टोपणनावाने, गाव नाही, वर्ष नाही. अंक क्रमांक असला तर 'साडेतीन'. पहिला अंक कधी निघालाच नाही आणि थेट दुसऱ्यापासून सुरुवात, असंही एक आमच्याकडे आहे. मग हे नियतकालिक धरायचं की सुटं प्रकाशन? आम्ही ठरवलं: एकाच नावाचे दोन किंवा अधिक अंक हातात असतील तर एक मूळ नोंद आणि तिच्याखाली अंक, एकच असेल तर सुटं. पुढचा अंक येईल तेव्हा बघू. मॅडमना हे "बघू" अजिबात पसंत नाही, पण अनियतकालिकापुढे त्यांचाही इलाज चालत नाही.

वर्ष नसेल तर तालिका, म्हणजे ग्रंथालयातल्या नोंदींची शोधयादी, करणाऱ्यांची जुनी रीत उपयोगी पडते. अंदाजाने काढलेलं वर्ष चौकटी कंसात, पुढे प्रश्नचिन्ह. अंदाज कशावरून बांधायचा, तर चिकटवलेल्या तिकिटाचा तुकडा, उल्लेख केलेला एखादा कार्यक्रम, संपर्कासाठी टपालाचा पत्ता दिलाय की ईमेल. एकदा हा नाद लागला की माणूस झीन वाचायचा थांबतो आणि तपासच करत बसतो.

सगळ्यात कामाचा रकाना मात्र सारांशाचा. मार्क या ग्रंथालयांच्या संगणकीय नोंदपद्धतीत तो ५२० क्रमांकाचा असतो, आणि पुस्तकांच्या नोंदीत पुष्कळदा रिकामाच राहतो, कारण तिथे प्रकाशकाचा मजकूर असतो, परीक्षणं असतात, लेखकाचं नाव ओळखीचं असतं. झीनला यातलं काहीच नाही. नाव 'पावणेदोन' आणि आत रात्रपाळी करणाऱ्या एका परिचारिकेची टिपणं, हे तालिकेत शोधणाऱ्याला कसं कळणार? त्यामुळे प्रत्येक झीनसाठी आम्ही दोन-तीन वाक्यांचा सारांश लिहितोच. आत काय आहे, कुणाच्या नजरेतून आहे, हाताने लिहिलंय की टाइप केलंय, चित्रं आहेत की कात्रणं. वर्गीकरणाच्या याद्यांमधून विषयशीर्षकं शोधण्यात तासन्‌तास घालवण्यापेक्षा हाच वेळ सारांशाला द्यावा, या मतावर मी आता ठाम आहे. याद्यांमधले शब्द आणि झीन करणारे स्वतःसाठी वापरतात ते शब्द फार वेळा जुळत नाहीत. सारांशात त्यांचेच शब्द ठेवता येतात.

ज्यांना मार्कचा बोजा नकोय त्यांच्यासाठी झीन-ग्रंथपालांनी स्वतःच 'एक्स-झीनकोर-एक्स' नावाचा सोपा आराखडा तयार केलाय. तो डब्लिन कोअर या मोजक्या रकान्यांच्या सर्वसाधारण नोंद-आराखड्यावर बेतलेला आहे, आणि साध्या तक्त्यातही भरता येतो. आम्ही आधी या रकान्यांत भरतो आणि मग मॅडम ग्रंथालयाच्या प्रणालीत घेतात. निरनिराळ्या संग्रहांच्या नोंदी एकत्र शोधता याव्यात म्हणून 'झीनकॅट' ही सामाईक तालिकाही उभी राहिली आहे. आपल्याकडचं अनामिक झीन आणखी कुठे नोंदलं गेलंय का ते तिथे पाहून घ्यावं. कधीकधी वर्षाचा प्रश्न तिथेच सुटतो.

परवानगीची चिठ्ठी

इथे मॅडमचं आणि माझं थोडं वाजलं. त्यांचं म्हणणं, माणसाने आपणहून ग्रंथालयाला झीन दिलं, म्हणजे ते सगळ्यांसाठी खुलं झालं. मला ते पटेना. स्वतःच्या आजारपणाबद्दल, घर सोडण्याबद्दल, शरीराबद्दल लिहिलेली आत्मपर झीन्स मोजक्या माणसांच्या हातात जातील या हिशेबाने लिहिलेली असतात. कपाटातून ते एखाद्याने घरी नेणं वेगळं आणि तालिकेत खऱ्या नावासकट ते इंटरनेटवर सापडणं वेगळं. स्कॅन करून सबंध झीनच तिथे टाकणं तर त्याहून वेगळं. झीन-ग्रंथपालांनी मिळून २०१५ मध्ये जी नीतिसंहिता तयार केली, तिचा बराच भाग याच काळजीवर आहे: करणाऱ्याची संमती, खासगीपणा, नंतर नाव बदललेल्या माणसाचं जुनं नाव, आणि कुणी नोंद बदलायला किंवा काढायला सांगितलं तर काय करायचं. ती मॅडमनी वाचली आणि मग आमची चिठ्ठी तयार झाली.

चिठ्ठी छोटी आहे. नोंदीत कोणतं नाव लिहू? स्कॅन चालेल का, आणि चालत असेल तर ग्रंथालयातल्याच संगणकावर की सगळीकडे? वाचकाने झेरॉक्स मागितली तर देऊ का? खाली एक ओळ: पुढे कधीही मत बदललं तर कळवा, कारण विचारणार नाही. जुन्या, कुणाकडून तरी आलेल्या झीनचा कर्ता सापडत नसेल तर झीनवर छापलंय तेच नाव घ्यायचं. खरं नाव आम्हाला ठाऊक असलं तरी नोंदीत घालायचं नाही, आणि स्कॅनही करायचं नाही. मिलवॉकीचा क्वीअर झीन आर्काइव्ह प्रोजेक्ट २००३ पासून झीन्स इंटरनेटवर आणतोय, आणि जी झीन्स कुठेच मिळाली नसती ती त्यामुळे वाचता येतात हे मान्य. पण तो त्याच जगातल्या माणसांनी चालवलेला संग्रह आहे. ग्रंथालयाने स्कॅनरला हात घालताना दहादा विचार करावा, असं माझं मत अजूनही आहे.

चिठ्ठीचा एक फायदा अनपेक्षित होता. ती हातात पडली की माणूस बोलायला लागतो. कुणासाठी लिहिलं, किती प्रती काढल्या, कुणाला मुद्दाम दिली नाही. यातलं सांगण्याजोगं असेल ते त्याला विचारून सारांशात जातं.

घडीचं टेबल

ग्रंथालयं झीनकडे वळतात ती बहुधा झीन करायला बसवणाऱ्या या टेबलासाठी. नुसता संग्रह ठेवला तर ज्यांना झीन माहीत आहे तेच येतात. टेबल मांडलं की बाकीचे येतात. आम्ही एका कागदाची, आठ पानी घडीच ठेवली आहे. स्टेपलर लागत नाही, एका बाजूनेच झेरॉक्स काढायची आणि एका बैठकीत संपतं. ए-फोर कागद आडवा धरला की प्रत्येक पान साधारण ७४ बाय १०५ मिलिमीटरचं होतं. खालची ओळ डावीकडून: ८, १, २, ३. वरची ओळ डोकं खाली करून, डावीकडून: ७, ६, ५, ४. मधल्या आडव्या घडीवर फक्त आतल्या दोन रकान्यांपुरती चीर द्यायची, लांबीत दुमडायचं, दोन्ही टोकं आत ढकलायची. कडेने पाच मिलिमीटर कोरं सोडायला सांगा, नाहीतर झेरॉक्स मशीन काठावरचं खातं. मागची बाजू आत लपते. तिथे कुणी नकाशा काढतं, कुणी मोठं चित्र. वाचकाने घडी उलगडली तरच ते दिसतं.

येणाऱ्यांना आधी कागद देत नाही, आधी पेटी देतो. अर्धा तास नुसतं चाळायचं. 'मला चित्र काढता येत नाही' म्हणणारा माणूस वेडंवाकडं, खाडाखोड केलेलं, तरीही थेट मनात शिरणारं एखादं झीन वाचतो आणि आपोआप कात्रीकडे हात नेतो. त्याला समजावण्यात मी आता वेळ घालवत नाही. विषय सुचत नसेल तर एकच प्रश्न विचारते: घरातले लोक तुला कोणत्या क्षुल्लक गोष्टीतला तज्ज्ञ मानतात? बंद पडलेली घड्याळं, मांजरांची भांडणं, फोनवरचं संभाषण लवकर संपवायच्या युक्त्या. पानं भरतात.

टेबलाच्या टोकाला मॅडम दाखल नोंदवही घेऊन बसतात. ही कल्पना पूर्णपणे त्यांची. ज्याला द्यावंसं वाटेल त्याने झीन पूर्ण झाल्यावर दोन प्रती आणि चिठ्ठी द्यायची, आणि त्याच्यासमोरच दाखल क्रमांक पडतो. सक्ती नाही, काहीजण खिशात घालून निघून जातात आणि ते योग्यच आहे. पण ज्यांनी दिलं, त्यातले कितीतरी जण पुढे मित्राला घेऊन येतात आणि तालिकेत स्वतःची नोंद शोधून दाखवतात. शोध कसा घ्यायचा, दाखल क्रमांक म्हणजे काय, कपाटातली जागा कशी ठरते, हे सगळं त्यांना त्या एका नोंदीपायी कळतं. ग्रंथालयाची ओळख करून देणारं कोणतंही भाषण एवढं साधत नाही. बरीचशी कॉलेजची ग्रंथालयं झीन शिकवण्यात आणतात ती थोड्याफार याच कारणाने: हे कुणी लिहिलं, कुणासाठी, कुणीही संपादन केलं नसताना यावर किती विसंबायचं, हे प्रश्न झीनसमोर विद्यार्थ्याला आपणहून पडतात. लंडनच्या वेलकम कलेक्शन या आरोग्यविषयक संग्रहालय-ग्रंथालयात तर आजार, अपंगत्व, मानसिक आरोग्य यांवरची झीन्स वैद्यकीय ग्रंथांच्याच संग्रहात आहेत, रुग्णाच्या बाजूने लिहिलेली म्हणून.

ग्रंथालयाने स्वतः काढलेल्या झीनबद्दल मात्र थोडं तिरकं बोलते. वेळा, नियम आणि दंडाची रक्कम आठ पानांत दुमडली की ते झीन होत नाही, घडी घातलेलं माहितीपत्रक होतं, आणि किशोरवयीन मुलांना ते लांबूनच ओळखता येतं. आमच्याकडे चाललेलं एकमेव घरचं झीन देवघेव खिडकीवरच्या सहायकाचं आहे. परत आलेल्या पुस्तकांत लोक खूण म्हणून काय काय विसरतात, त्याची यादी. नियम एकही नाही. पेटीतून सगळ्यात जास्त तेच बाहेर जातं.

जतनाचं थोडक्यात. झेरॉक्सची शाई टिकाऊ असते, पण पीव्हीसीच्या पाकिटात ठेवली तर प्लास्टिकला चिकटून उतरते. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टर घ्या. लोखंडी पिना गंजतात, जपायच्या प्रतीतून काढून दोऱ्याने शिवा. चिकटपट्टी पिवळी पडणारच, म्हणून मूळ कागदासोबत त्याची नक्कलही ठेवा. पावतीच्या उष्णतासंवेदी कागदावर केलेलं काही आलं तर त्याच दिवशी झेरॉक्स काढा, तो मजकूर पुसट होत जातो. बारकोड झीनवर नको, पाकिटावर. ए-सेव्हन आकाराच्या मुखपृष्ठावर बारकोड लावला तर मुखपृष्ठ उरत नाही.

आता पेटी बाहेर न्यायची आहे. वसतिगृह आणि रुग्णालयाचा प्रतीक्षा कक्ष, दोन्हीकडून होकार आलाय. बाहेर फक्त देवघेवीच्या प्रती जातील, झाकणाच्या आत यादी चिकटवलेली असेल आणि कोरे, चीर दिलेले कागद सोबत असतील. परतीची तारीख लावायची की नाही यावर अजून एकमत नाही. मॅडमना तारीख हवी आहे. माझं म्हणणं, प्रतीक्षा कक्षातून एखादं झीन गेलं तर जाऊ द्यावं, आपल्याकडे दुसरी प्रत आहे. सध्या असं ठरतंय की वसतिगृहाच्या पेटीला तारीख, रुग्णालयाच्या पेटीला नाही, आणि दोन्ही पेट्या परत आल्यावर यादीशी ताडून बघायच्या.