आमची वाटचाल: भणभण, खरखर आणि फाटणारा आवाज

नागपुरात हिंगणा एमआयडीसीतील आमच्या लहानशा कारखान्यात भजनी मंडळांसाठी आणि मंगल कार्यालयांसाठी अ‍ॅम्प्लिफायर व पॉवर सप्लाय तयार होतात. सुरुवात सीताबर्डीत दुरुस्तीच्या कामापासून झाली, आणि तेव्हा जवळजवळ प्रत्येक गिऱ्हाइकाची तक्रार एकच असे: ‘आवाज खराब येतो.’ या तक्रारीमागे रिपल, नॉइज आणि डिस्टॉर्शन असे तीन निराळे दोष असू शकतात, आणि ते वेगळे ओळखता येणे हीच आमची खरी कमाई आहे, असे मी मानतो.

इनपुटची टोके जोडून (शॉर्ट करून) आत सिग्नल जाणे बंद केल्यावरही स्पीकरमधून एका सुरातली भणभण येत राहिली, तर आम्ही प्रथम रिपल, म्हणजे पॉवर सप्लायच्या डीसी व्होल्टेजमध्ये उरलेला चढउतार, तपासतो. आपली वीज 50 हर्ट्झची असल्याने एसी लहरीचे दोन्ही अर्धे भाग वापरून डीसी करणाऱ्या ब्रिज रेक्टिफायरनंतरचा रिपल 100 हर्ट्झचा असतो. 12 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, चढउतार सपाट करणारा 4700 मायक्रोफॅरडचा कंडेन्सर आणि 1 अँपिअरचा लोड धरला, तर व्होल्टेजचे शिखर साडेपंधरा व्होल्टच्या आसपास राहते, रिपल सुमारे 2 व्होल्ट येतो आणि तळ साडेतेरापर्यंत उतरतो. स्थिर 12 व्होल्ट देणाऱ्या 7812 रेग्युलेटरला मात्र इनपुटला साधारण 14 व्होल्ट लागतात, त्यामुळे भणभण त्याच्यातूनही पार होते. उन्हाळ्यात संध्याकाळी घरोघरी कूलर सुरू होऊन व्होल्टेज उतरले की हा दोष बळावतो. शिवाय तापमान 10 अंशांनी वाढले की इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते, म्हणून नागपूरच्या उन्हात कमाल 85 अंश सेल्सिअससाठी बनवलेला कंडेन्सर वापरणे मला मान्य नाही. आम्ही 105 अंशांचाच घालतो.

नियमित सूर नसलेली खरखर किंवा सूंसूं म्हणजे नॉइज. ती बहुधा पहिल्या टप्प्यातील रेझिस्टर, ट्रान्झिस्टर किंवा सैल अर्थिंगमधून येते.

डिस्टॉर्शन, म्हणजे सिग्नलचा आकार बिघडणे, मात्र सिग्नल असल्याखेरीज दिसतच नाही. हळू आवाजातही गाणे खरबरीत वाटले, तर आउटपुट ट्रान्झिस्टरांचा बायस (त्यांना सतत किंचित चालू ठेवणारा प्रवाह) कमी पडून क्रॉसओव्हर डिस्टॉर्शन, म्हणजे एका ट्रान्झिस्टरकडून दुसऱ्याकडे काम जाताना होणारा बिघाड, होत असते. मोठ्या आवाजात फाटले, तर क्लिपिंग, म्हणजे सप्लाय अपुरा पडून लहरीची शिखरे कापली जाणे. येथे रिपल पुन्हा आडवा येतो, कारण भर लोडवर सप्लाय सेकंदाला 100 वेळा खाली जातो आणि शिखरे त्या तालावर कापली जाऊन 1000 हर्ट्झच्या सुराशेजारी 900 आणि 1100 हर्ट्झचे नको असलेले सूर उमटतात. नुसता बायस फिरवून हा दोष जात नाही.

म्हणूनच आमच्या प्रत्येक यंत्रासोबतच्या तपासणीपत्रावर रिपल पूर्ण लोडवर, मिलिव्होल्ट पीक-टू-पीकमध्ये (तळापासून शिखरापर्यंत) लिहिलेला असतो, आणि डिस्टॉर्शनच्या टक्क्यांशेजारी ते किती वॅटवर मोजले हेही नोंदवलेले असते.