लाइपझिगचा चौक आणि बर्लिनमधला एक सूर

लाइपझिगच्या मार्क्टवर सकाळी भाजीबाजार भरला होता. 27 ऑगस्ट 1824 रोजी याच चौकात, लोकांच्या गर्दीसमोर, योहान ख्रिस्तियान वॉयझेकचा शिरच्छेद झाला. केसांचे टोप बनवणारा कारागीर, पुढे शिपाई, शेवटी बेकार. त्याने प्रेयसीला भोसकलं होतं. त्याला आवाज ऐकू यायचे, तरी तपासणाऱ्या डॉक्टरने त्याचं डोकं ठिकाणावर असल्याचा निर्वाळा दिला. मी बराच वेळ तिथेच उभी राहिले.

ग्योर्ग ब्युखनरने त्याच्यावर नाटक लिहायला घेतलं आणि ते अपुरं ठेवून तेविसाव्या वर्षीच तो गेला. संगीतकार आल्बान बेर्गने ते 1914 मध्ये व्हिएन्नात पाहिलं. मग महायुद्धात तो स्वतःच लष्करात अडकला. त्या नाटकावरून त्याने रचलेला ऑपेरा ‘वोत्सेक’ 14 डिसेंबर 1925 रोजी बर्लिनच्या उंटर डेन लिंडेनवरच्या ऑपेरागृहात पहिल्यांदा उभा राहिला. मला तो तिथेच ऐकायचा होता. दुपारच्या गाडीने सव्वा तासात बर्लिन.

पंधरा प्रवेश, जेमतेम दीड तास. वोत्सेक कॅप्टनची दाढी करतो, चार पैशांसाठी डॉक्टरच्या प्रयोगाला बसून नुसत्या शेंगा खातो आणि ते पैसे प्रेयसी मारी नि तिच्यापासून झालेल्या मुलाच्या हाती आणून ठेवतो. त्याच्या डोक्यात काय चाललंय हे कुणीच विचारत नाही. ते फक्त वाद्यांना कळतं.

आमच्या घरी पहाटे तानपुरा लागायचा. एक सूर धरून ठेवला की मन त्यावर विसावतं, हे मी लहानपणापासून जाणते. इथे तळ्याकाठी मारीचा खून होतो, त्या सबंध प्रवेशात एकच सूर मुरत असतो, कधी खर्जात, कधी वर. खून झाल्यावर तो एकटा उरतो. आधी अगदी हलका. मग एकेक वाद्य त्यात मिसळतं आणि सगळा वाद्यवृंद त्याच सुरावर फुगत जातो. मध्ये ढोलाचे ठोके, आणि पुन्हा तोच सूर, आणखी मोठा. खुर्चीच्या लाकडी हातातून तो माझ्या कोपरापर्यंत येत होता. विसावायला जागाच नव्हती. असा षड्ज मी कधी ऐकला नव्हता.

शेवटी मुलं खेळत असतात. तुझी आई मेली, असं ती मारीच्या पोराला सांगतात. तो काठीचा घोडा दामटत राहतो, ‘हॉप, हॉप’, आणि त्यांच्यामागे निघून जातो. संगीत मध्येच थांबतं.

टाळ्यांना तो छोटा नट घोडा हातात घेऊनच आला. प्रेक्षागृहात कुणाला तरी शोधत राहिला. तिसऱ्या रांगेतली एक बाई उठून उभी राहिली, तेव्हा हसला.