शिट्टीमागची पलटण

रात्री दीडच्या सुमारास आमच्या गल्लीत शिट्टी वाजते, मागोमाग काठीचे दोन ठोके. झोपमोड होते, पण तक्रार कुणाचीच नाही. शेजारचे काका तर ठासून सांगतात, "गुरखा आहे. चोराची काय बिशाद!"

त्याला एकदा विचारलं, घरातलं कुणी पलटणीत होतं का? तो हसला. नेपाळच्या अछाम जिल्ह्यातला. "हमारे गाँव से पलटन में कौन जाता है साब, सब बम्बई आता है."

खरंच आहे. इंग्रजांच्या गुरखा पलटणींची भरती मुख्यतः गुरुंग, मगर, राई, लिंबू या नेपाळी जमातींतून चाले. सुदूर पश्चिमेचं अछाम त्यांच्या खिजगणतीत नव्हतं. लढले एक, आणि त्या दबदब्यावर आमच्याकडून महिन्याला पन्नास रुपये मिळवतो भलताच. त्यातही दोन घरं "पुढच्या महिन्यात ये" म्हणतात, तो भाग वेगळा.

पण हा दबदबा आला कुठून? 1911 च्या जनगणनेत नेपाळची लोकसंख्या होती सुमारे 56 लाख. पहिल्या महायुद्धात त्यातले दोनेक लाख गुरखे लढले, असा अंदाज आहे. मेलेले आणि जखमी मिळून वीस हजारांच्या घरात. नेपाळवर ना जर्मनीनं हल्ला केला होता, ना तुर्कस्ताननं. डोंगर उतरून पोरं गोरखपूरच्या भरती केंद्रावर यायची आणि तिथून थेट फ्रान्सच्या चिखलात.

त्यांतलाच एक कुलबीर थापा. 25 सप्टेंबर 1915, फ्रान्समधलं फोकिसार. तो स्वतः जखमी. जर्मनांच्या पहिल्या खंदकामागे त्याला लेस्टरशायर रेजिमेंटचा एक गोरा शिपाई सापडला, वाईट जखमी झालेला. तो म्हणाला, मला सोड आणि जा. कुलबीर गेला नाही. सबंध दिवस आणि रात्र त्याच्याजवळ राहिला. पहाटेच्या धुक्यात त्याला जर्मनांच्या काटेरी तारांमधून बाहेर काढलं, त्यातल्या त्यात सुरक्षित जागी ठेवलं, मग माघारी जाऊन दोन जखमी गुरख्यांना एकेक करून आणलं. तोवर चांगलं उजाडलं होतं. तरीही तो पुन्हा गेला आणि गोळीबारात त्या गोऱ्याला घेऊन आला. व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे इंग्रजांचं शौर्याचं सर्वोच्च पदक, मिळालेला हा पहिला नेपाळी गुरखा. या सगळ्यात खुकरी, गुरख्यांचा तो वाकडा सुरा, कुठेच नाही, आणि आपण मात्र 'म्यानातून निघाली की रक्त प्यायल्याशिवाय परत जात नाही' ही थाप पिढ्यान्‌पिढ्या ऐकवतो. खुकरीनं घरोघरी लाकडं फोडतात नि बोकड कापतात.

दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तेच, अडीच लाखांच्या आसपास. इटलीत आठव्या भारतीय डिव्हिजनमध्ये गुरखे आणि आपले मराठे एकाच छत्राखाली होते. नगर जिल्ह्यातल्या नामदेव जाधवांना एप्रिल 1945 मध्ये सेनिओ नदीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तो याच डिव्हिजनमध्ये. काकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "मग! आपलेही काही कमी नव्हते." त्यांना सगळ्याचा सामना करून टाकायची सवयच आहे.

बदल्यात नेपाळला काय मिळालं? पहिल्या युद्धानंतर इंग्रजांनी वर्षाला दहा लाख रुपये लावून दिले आणि 1923 च्या तहात स्वातंत्र्याला मान्यता दिली. ही मान्यता काही लहान गोष्ट नव्हे. भोवतालची संस्थानं पाहिली की कळतं. पैशाचं मात्र न बोललेलं बरं. तेव्हा नेपाळची सत्ता राणा घराण्याच्या पंतप्रधानांच्या हाती होती, आणि त्यांच्या राज्यात सरकारी तिजोरी आणि राणांचा खिसा यांत फारसं अंतर नव्हतं.

परवा आमचा गुरखा पैसे घ्यायला आला तेव्हा पुतण्याचं सांगत होता. रशियाच्या फौजेत पगार बरा मिळतो म्हणून एक दलाल त्याच्या मागे लागला होता. अशी बरीच पोरं गेली, काही युक्रेनमध्ये मेलीही. जानेवारी 2024 मध्ये नेपाळ सरकारनं दोन्ही देशांत कामाला जाण्याचे परवानेच थांबवले. "फिर?" मी विचारलं. "फिर क्या साब, इधर बुला लिया. पीछे की गली में है. उसको भी पचास देना."